फटफटीची आडवाट

रस्ता सोडून फटफट्या हाकायच्या, एवढं आमच्या बँकेतल्या सहाजणांचं ठरलं. कुठं, यावर तीन शनिवार गेले. पेठ नाक्याचा हमरस्ता टाकून खड्डे शोधणाऱ्याला इस्लामपुरात काय म्हणतात, ते इथं लिहीत नाही.

चांदोली बाद झाली. 2010 पासून ते रान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. वाघाला फटफटी खपणार नाही आणि आम्हांला वाघ. मग मच्छिंद्रगड निघाला. शिवाजी महाराजांनी तो 1676 च्या सुमारास बांधला, मुलखावर नजर राहावी म्हणून. आमची नजर पायथ्याला चहा मिळतो का, यावर!

पायथ्याचं येडेमच्छिंद्र म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. 1943 ते 46 या काळात प्रतिसरकारची माणसं याच मुलखात आडवाटेनं हिंडली. रस्त्यावर पोलीस होते ना! 7 जून 1943 ला शेणोलीजवळ तुफान सेनेनं रेल्वे अडवली, तीही जागा हेरूनच. आमचे चुलत आजोबा त्या दिवसांत रात्री भाकरी पोचवायला जात. कोणत्या वाटेनं, ते त्यांनी मरेपर्यंत घरातही सांगितलं नाही.

गड ठरला. गाड्या पायथ्याशी लावून वर चालत जाऊ, असं मी सुचवलं.

"अहो, मग फटफटी कशाला?" कॅशियर म्हणाले.