लाकडी खोक्यातला संगणक

1976 साली ॲपल-1 विकत घेणाऱ्याला 666.66 डॉलरमध्ये काय मिळे? नुसती सर्किटची पाटी. खोका, कीबोर्ड, ट्रान्सफॉर्मर ज्याचा त्याने आणायचा. बाइट शॉपच्या पॉल टेरेलने पन्नास नग मागवले होते, तेही जोडून तयार संगणक येतील या समजुतीने! सुमारे दोनशेच नग बनले. त्यातल्या कित्येकांना सुतारकामाची वस्त्रे चढली. हातांनी अक्षरे कोरलेला असा एक लाकडी खोका आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मग लाकूड गेले कुठे? संगणकाच्या रेडिओलहरींनी शेजारच्या टीव्हीत मुंग्या येऊ लागल्या. 1979 साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्यावर नियम केले, आणि पत्र्याला जोर आला. पत्रा लहरी अडवतो, लाकूड अडवत नाही.

सानगडीचा सुतार ही अडचण ऐकून हसेल. साकोली तालुक्यात साग काही परका नाही, आणि सागात तेल असल्याने पावसाळ्यातही तो फारसा फुगत नाही. पण सागाला अर्थिंग कळत नाही. पत्र्याच्या खोक्यात मदरबोर्डचे स्क्रू आपोआप जमिनीशी जोडले जातात. लाकडात मदरबोर्डखाली पितळी मळसूत्राच्या आधारावर पत्रा टाकून तो पॉवर सप्लायच्या अंगाशी तारेने बांधावा लागतो. हवेसाठी भोके पुढून खाली, मागून वर. आणि भिंतीतल्या सॉकेटचे तिसरे भोक खरोखर जमिनीत पोचलेय का, ते आधी तपासून घ्यायचे.