“साधी तर गोळी आहे!”



पर्युषणात पोटाची तक्रार घराघरांत असते. तिथीला हिरवी भाजी नाही, सूर्यास्तानंतर पाणी नाही, मग सकाळी पोट जड. लगेच रेचक गोळी घेतली जाते. “साधी तर गोळी आहे!” असं आपण म्हणतो. पण या साध्या गोळीचा इतिहास वाचला आणि मी सावध झाले.

1804 मध्ये ल्युईस आणि क्लार्क अमेरिकेत पश्चिमेच्या मोहिमेवर निघाले, तेव्हा सामानात डॉ. बेंजामिन रश यांच्या सहाशे रेचक गोळ्या होत्या. त्यांत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार होता. पोट झटकन साफ होई. पण कॅलोमेल वारंवार घेणाऱ्यांच्या हिरड्या सुजत, लाळ गळे, दातही पडत.

पुढे आलं फिनॉल्फ्थॅलीन. मुलांच्या प्रयोगशाळेत गुलाबी होतं ना, तेच. साधारण 1900 च्या सुमारास हंगेरीत वाइनची ओळख पटावी म्हणून ते मिसळायचं ठरलं, आणि तपासणी करताना त्याचा रेचक गुण कळला. 1906 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ते चॉकलेटमध्ये घालून ‘एक्स-लॅक्स’ या नावाने विकायला आलं. जुलाबाचं औषध खाऊ झालं! 1990 च्या दशकात प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याने कर्करोग होऊ शकतो असं दिसलं, आणि 1999 मध्ये अमेरिकेने ते चिठ्ठीशिवायच्या औषधांतून काढून टाकलं. म्हणजे नव्वद वर्षं खपलं म्हणून एखादं औषध निर्धोक ठरत नाही.

आजची औषधं बदलली, सवयीचा धोका तोच. सोनामुखी किंवा तशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता रोज घेतल्या, जुलाब होत राहिले, तर शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम कमी होतं. अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. उपवासात तर जास्तच जपावं. गरोदर सुनेला एरंडेल देऊ नये. पोटात जोरात दुखून उलट्या होत असतील, तर रेचक न देता डॉक्टर गाठावा.

इसबगोल सौम्य खरं, पण ते पाण्यात फुगतं. चौविहार करणाऱ्यांनी ते संध्याकाळी घाईने गिळू नये; कमी पाण्यात ते घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. सकाळी, पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्याबरोबर घ्या आणि दिवसभर पाणी पीत राहा.

पारण्यानंतर मूग, फळं, थोडं चालणं, आणि सकाळी शांतपणे दहा मिनिटं. तरीही तक्रार राहिली, किंवा शौचात रक्त दिसलं, तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. आपण संकोचाने गप्प बसतो आणि गुपचूप गोळी घेतो, तिथेच ही सवय लागते.

जय जिनेंद्र.