चिखलातला भाऊबंद

महर्षी अण्णासाहेब कर्व्यांच्या मुरुडचा किनारा पुष्कळांनी पाहिला असेल. पण ओहोटीनंतर उघड्या पडणाऱ्या चिखलाकडे कोण पाहतो? मास्तर असून मीही कधी पाहिले नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गातला एक मुलगा ओंजळभर चिखल घेऊन पडवीत आला. त्यात बोटाएवढा मऊ, गुळगुळीत जीव वळवळत होता. पुढे जिभेसारखी लांब सोंड.

"गुरुजी, हे खाऱ्या पाण्यातलं गांडूळच ना?"

"गांडुळाच्या अंगावर वलयं असतात. याला कुठे आहेत?" मी त्याला गप्प केले. बरोबरची मुले हसली. तो खाली मान घालून गेला.

मनाला चुटपुट लागली म्हणून पुस्तके धुंडाळली. १७६६ साली पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने या कुळातल्या एका जिवाला चक्क गांडुळाच्याच वंशात घातले होते. १८४७ साली कात्रफाज या फ्रेंच पंडिताला ही मंडळी कृमी आणि समुद्रकाकडी यांच्यामधला पूल वाटली. म्हणून त्याने 'पूल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच त्यांच्या गटाचे नाव ठेवले. १९२९ साली बैनी प्रसाद आणि आवटी यांनी मुंबईत सापडलेली एक नवी जात वर्णिली आणि तिला मुंबईचेच नाव दिले : थॅलॅसीमा बॉम्बेयेन्सिस. १९४० साली न्यूबी यांनी या कुळाचा स्वतंत्र संघ मानून त्याचे बिऱ्हाडच वेगळे केले. अखेर १९९७ मध्ये मॅक्ह्यू या विदुषीने जनुके ताडून निर्वाळा दिला, की हे सारे वलयी प्राण्यांचे, म्हणजे गांडुळाच्याच घराण्यातले! अंगावरची वलये तेवढी काळाच्या ओघात पुसली गेली.

आणि कामही घराण्याला साजेसेच. बिळात बसून हा जीव सोंड बाहेर टाकतो, वरच्या गाळातले अन्नकण तिच्यावरून तोंडाशी ओढतो. अंग आकसून-फुगवून बिळात पाणी खेळवतो आणि कोंदट चिखलाला प्राणवायू पोचवतो. शेतात गांडूळ माती मोकळी करते, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे २३१ वर्षांची प्रदक्षिणा घालून शास्त्र जिथे परतले, तिथे माझा विद्यार्थी आधीच उभा होता!

शाळा उघडली त्या दिवशी साऱ्या वर्गासमोर मी त्याला म्हटले, "बाळ, तुझंच बरोबर होतं. चुकलो मी."

तो लाजला. म्हणाला, "गुरुजी, मी त्याला तेव्हाच परत सोडलं. भरती लागायच्या आत."