गुणतक्त्याचे कूळ

कुशल कामगार म्हणून कॅनडात कायमचे वास्तव्य करू इच्छिणाऱ्यास संघीय योजनेनुसार शंभरांपैकी सदुसष्ट गुण मिळवावे लागतात: भाषेचे २८, शिक्षणाचे २५, अनुभवाचे १५, वयाचे १२, आणि ठरलेली नोकरी व नव्या देशात रुळण्याची अनुकूलता यांचे प्रत्येकी १०. अशा गुणतक्त्याची पद्धत १ ऑक्टोबर १९६७ रोजी अमलात आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु तिचे कूळ ओटावाच्या सचिवालयात नसून दक्षिण आफ्रिकेतील दरबानच्या बंदरात आहे, असे माझे ठाम मत आहे.

१८९६ च्या डिसेंबरात मुंबईहून आलेली दोन जहाजे, ज्यांपैकी एकावर गांधीजी होते, प्लेगच्या सबबीवर दरबानबाहेर अडवून ठेवण्यात आली. आणि उतारू किनाऱ्यास लागल्यावर काही महिन्यांतच, दरबान ज्या ब्रिटिश वसाहतीत होते त्या नाताळच्या विधिमंडळाने असा कायदा केला की, जो इसम विहित नमुन्याचा अर्ज युरोपीय भाषेच्या लिपीत स्वहस्ते लिहून त्यावर सही करू शकणार नाही, त्यास मज्जाव करावा. कायद्यात हिंदुस्थानचे नाव नव्हते, वर्णाचा उल्लेख नव्हता. होती ती केवळ योग्यतेची अट, आणि ती कोणास लावावयाची हे ठरविणारा अंमलदार. त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी इतर वसाहतींना हाच मार्ग सुचविला. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये पन्नास शब्दांचे श्रुतलेखन आणले. १९३४ मध्ये अनेक भाषा जाणणाऱ्या एगॉन किश या लेखकास नापास करण्यासाठी अंमलदारांनी स्कॉटिश गेलिक निवडली, तेव्हा ती कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषाच नव्हे, असा निवाडा तेथील उच्च न्यायालयास द्यावा लागला. कॅनडातही ब्रिटिश कोलंबियाने नाताळचा कित्ता वारंवार गिरविला आणि ओटावाने ते कायदे वारंवार रद्द केले.

यावर प्रतिपक्ष असा की, १९६२ मध्ये मंत्री एलेन फेअरक्लॉ यांनी वर्णभेदाचे नियम बव्हंशी काढून टाकले, त्या पोकळीत उपमंत्री टॉम केंट यांच्या खात्याने नवा तक्ता बसविला, सबब जुन्या पापाशी त्याचा संबंध नाही. दुसरा पक्ष म्हणतो, अमेरिकेतील कारखान्यांत हुद्द्यांना गुण देऊन पगार ठरविण्याची जी रीत १९२० च्या दशकात रुजली, तिचेच हे अपत्य. या दुसऱ्या पक्षास मी अर्धा मान देतो: बेरजेचा साचा तेथून आला असावा. परंतु मनुष्याचे कूळ न विचारता त्याची विद्या व भाषा विचारून दार उघडावे की लावावे, हा प्रश्न नाताळचाच. १९६७ ने त्याचा हेतू उलटविला, प्रश्न बदलला नाही.

आणि हेतू उलटला तो कसा, हे तक्त्याचे कलमवार वाचन केल्यास दिसते. शिक्षणास २०, धंद्याच्या मागणीस १५, कौशल्य, वय, इंग्रजी-फ्रेंचचे ज्ञान व ठरलेली नोकरी यांस प्रत्येकी १०, नातलगास ५, जाण्याच्या ठिकाणच्या रोजगारास ५. पन्नास झाले की सामान्यतः पसंती. उरलेले १५ गुण होते अंमलदाराच्या वैयक्तिक अजमावणीचे. पूर्वी ज्याच्या मर्जीवर शंभरही अवलंबून असत, त्याच्या हाती आता एवढाच ऐवज राहिला, आणि २००२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने तोही गेला. परीक्षा उमेदवाराची असली तरी लगाम परीक्षकास बसला, हेच या तक्त्याचे थोर कार्य होय.

म्हणूनच २०१५ पासूनच्या ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या निवडपद्धतीचा मला खेद वाटतो. भाषेची परीक्षा द्यावी, पदवीची समकक्षता प्रमाणित करून घ्यावी, सदुसष्ट गुण जमवावे, तरी प्रवेश मिळतो तो केवळ यादीत. तेथे बाराशेंपैकी नवे गुण पडतात आणि निमंत्रणाची मर्यादा प्रत्येक फेरीस बदलते. २०२३ पासून तर कोणत्या धंद्यास वा भाषेस अग्रक्रम द्यावा, हेही मंत्र्यांच्या अखत्यारीत आले आहे. उमेदवाराने घरबसल्या बेरीज करावी आणि आपला निकाल आपणच जाणावा, हा १९६७ चा न्याय होता. तो पुन्हा प्रस्थापित होणे हे कामगाराच्या आणि त्याला बोलावणाऱ्या देशाच्या, दोघांच्याही हिताचे आहे.