चित्रकथांतील शिव्या

शिवी द्यावयाची तर खरी, पण बालकांच्या कानीं ती पडूं द्यावयाची नाहीं, हा पेंच चित्रकथाकारांस पूर्वींच पडला होता. अमेरिकेंतील वृत्तपत्रांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच त्यावर तोड काढिली. क्रुद्ध मनुष्याच्या मुखांतून तारका, वेटोळीं, उद्गारचिन्हें यांचा वर्षाव करावयाचा. वाचक आपल्या मगदुराप्रमाणें शब्द भरून घेई!

बेल्जममधील एर्जे यानें याहून नामी युक्ति योजिली. 'टिनटिन'च्या कथेंत १९४१ सालीं त्यानें हॅडॉक हा मद्यपी कप्तान आणिला. खलाशाची भाषा मुलांच्या पानांत छापणें अशक्य. पूर्वीं बाजारांत एका विक्रेत्यानें 'चतुःसत्ता करार' हा १९३३ सालचा राजकीय शब्दच शिवीसारखा फेंकिलेला एर्जेनें ऐकिला होता. शब्द निरुपद्रवी, पण आवेश अस्सल शिवीचा! मग हॅडॉकच्या तोंडीं व्याकरणाच्या व प्राणिशास्त्राच्या संज्ञा आल्या, आणि मुलांच्या शब्दभांडारांत उलट भरच पडली.

अमेरिकेनें मात्र निर्बंधाचा मार्ग धरिला. १९५४ सालीं सेनेटच्या चौकशीनें धास्तावलेल्या प्रकाशकांनीं स्वतःच संहिता रचिली. अपशब्द तर वर्ज्य झालेच, पण मथळ्यांत 'भय' हा शब्दहि चालेना. मान्यतेची मुद्रा नसलेले अंक बहुतेक विक्रेते ठेवीनात. विल्यम गेन्स यांच्या भयकथा त्यांत बुडाल्या. यांत मुलांचें हित किती आणि धंद्याची भीति किती, याविषयीं आम्हांस शंका आहे. गंमत अशी कीं, गेन्स यांचेंच 'मॅड' १९५५ सालीं मोठ्या आकाराचें मासिक झालें आणि संहितेच्या कक्षेबाहेर गेलें. ती मुद्रा वापरणारे अखेरचे प्रकाशक २०११ सालीं तिच्यापासून दूर झाले. हॅडॉकचीं पुस्तकें तेव्हांहि खपत होतीं.