गळ्यातली ग्रंथी आणि पोटातले यकृत

आठवडी बाजारात अंगाने फारच स्थूल असे एखादे माणूस दिसले, की आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी कानावर येतात. एक म्हणतो, "तोंडावर ताबा नाही." दुसरा जाणतेपणाने म्हणतो, "तसं नाही हो, थायरॉईड असेल." अलीकडे त्यात तिसऱ्या बोलण्याची भर पडली आहे. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर' असे लिहून येते आणि शेजारी हळूच विचारतात, "का हो, घेता की काय?" गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या, गोरोबाकाकांच्या तेरची वारी करणाऱ्या माणसालाही हा प्रश्न ऐकावा लागतो. त्या बापड्याने जन्मात दारूला हात लावलेला नसतो! हे शब्द आपल्या धाराशिव जिल्ह्यात कुठून कसे येऊन पोचले आणि त्यांत खरे किती, हे आज पाहू या.

स्थूलपणा काही आजचा नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिंदितीय' नावाचा अध्याय आहे. त्यात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार केला असून, दोघांतही अतिस्थूलाचे हाल अधिक असे म्हटले आहे. आयुष्य कमी, हालचाल मंद, घाम फार, भूक-तहान अनावर. हे सगळे वर्णन आजच्या डॉक्टरलाही मान्य होईल. पण मला विशेष वाटते ते निराळेच. स्थूलपणाची कारणे सांगताना अतिभोजन, गोड व स्निग्ध अन्न, दिवसाची झोप, व्यायाम नसणे यांच्याबरोबर चरकाने 'बीजस्वभाव'ही सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला देहस्वभाव. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याला जे दिसले, ते बाजारातल्या आपल्या शेरेबाजीत मात्र येत नाही.

आता गळ्याकडे वळू. कंठाच्या पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तीच थायरॉईड, शास्त्रीय मराठीत अवटू ग्रंथी. तिचा रस रक्तात मिसळतो आणि शरीराची चूल किती जोराने पेटवायची ते ठरवतो. हा रस तयार करायला आयोडीन लागते. १८११ साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच माणसाला समुद्रातल्या शेवाळाच्या राखेत आयोडीन सापडले, ते बंदुकीच्या दारूसाठी सोरा करण्याच्या खटपटीत. १८२० मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे नावाच्या डॉक्टरने ते गलगंडावर दिले. स्वित्झर्लंडने १९२२ पासून मिठातून आयोडीन द्यायला सुरुवात केली.

आपल्याकडे हे काम हिमालयाच्या पायथ्याशी झाले. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीवर प्रयोग मांडला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, मधल्या भागाला साधे. काही वर्षांत त्या दोन भागांतले गलगंड झपाट्याने कमी झाले, साध्या मिठाच्या भागात तसे झाले नाही. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यास देशभर बंदी आली. आपल्या आजा-पणजांच्या काळी घाटावर मीठ येई ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून, कोकणच्या मिठागरांतून. "ते समुद्राचं मीठ होतं, त्यात सगळं होतं," असे म्हातारी माणसे म्हणतात. तसे नाही. समुद्राच्या पाण्यात आयोडीन असले तरी वाळवलेल्या मिठात ते नगण्यच उरते.

गुरुजनांनो, आता या कथेतला खरा घोटाळ्याचा भाग येतो. तो जरा सविस्तर सांगतो.

१८७३ साली विल्यम गल या लंडनच्या डॉक्टरने काही स्त्रियांचे वर्णन केले. चेहरा सुजल्यासारखा, बोलणे जड, अंग थंड, मन सुस्त. ही ग्रंथी मंदावल्याची लक्षणे, हे पुढे कळले. १८९१ मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून अशाच एका ४६ वर्षांच्या बाईला टोचला. ती सुधारली आणि त्या उपचारावर आणखी २८ वर्षे जगली! लवकरच टोचण्याचीही गरज उरली नाही. मेंढीची ग्रंथी हलकी परतून मुरंब्याबरोबर खायला देत. वैद्यकाच्या इतिहासात इतका साधा आणि इतका झगझगीत विजय क्वचितच मिळाला असेल.

पण उपचार घेताना या रोग्यांचे वजन उतरते, हे लोकांच्या लक्षात आले. झाले! १८९० च्याच दशकात ज्यांची ग्रंथी धडधाकट होती अशा स्थूल माणसांनाही तो अर्क देणे सुरू झाले. वजन उतरे खरे, पण चरबीबरोबर स्नायूही झिजत, हाडे ठिसूळ होत आणि काळीज धडधडू लागे. अमेरिकेत १९६० च्या दशकापर्यंत वजन उतरवण्याच्या रंगीबेरंगी गोळ्यांत थायरॉईडचा अंश मिसळलेला असे आणि त्यांपायी माणसे दगावली. आज तिकडे या औषधाच्या वेष्टनावरच ठळक इशारा असतो, की हे स्थूलपणासाठी वापरू नये. आपल्याकडे मात्र "अमकीला थायरॉईडच्या गोळीने फरक पडला, मलाही द्या" असे मागणारी माणसे अजून भेटतात.

मग थायरॉईड मंद असले तर वजन वाढत नाही काय? वाढते, पण बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही पुष्कळसा भाग अंगात साठलेल्या पाण्याचा नि क्षारांचा. १२० किलोच्या माणसाचा सगळा भार त्या इवल्याशा ग्रंथीवर टाकता येत नाही. उलट, पुष्कळ स्थूल माणसांत 'टीएसएच' नावाची रक्ततपासणी किंचित वाढलेली येते ती स्थूलपणामुळेच, आणि वजन उतरले की तीही उतरते. म्हणजे कधीकधी आपण बैलाला गाडीमागे जुंपतो. अर्थात ज्यांची ग्रंथी खरोखर मंद आहे त्यांनी गोळी मुळीच सोडू नये. आज मीठ सुधारल्यावर या मंदपणाचे मोठे कारण आयोडीनची कमतरता नाही. शरीराचे रक्षकदल स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जाते. हे जपानच्या हाशिमोतो यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले.

यकृताची कहाणी याहून संथ आहे. १८३६ मध्ये लंडनच्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी चरबी भरलेल्या यकृताचे वर्णन केले, ते मद्यपींच्या संदर्भात. पुढे दीडशे वर्षे चरबीचे यकृत म्हणजे दारूचे यकृत हा समज घट्ट बसला. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी वीस रोग्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. यकृत अगदी दारुड्यासारखे, पण दारू नाही. बहुतेक जण स्थूल होते. तेव्हापासून या रोगाला 'दारूविना होणारा' असे नाव होते, आणि २०२३ मध्ये तेही बदलून शरीरातील चयापचयाशी त्याचे नाते सांगणारे नाव आले. आपल्या माळकऱ्याची बाजू घेणारा हा इतिहास आहे. अति स्थूल माणसांपैकी बहुतेकांच्या यकृतात अशी चरबी आढळते. दुखत काही नाही, हीच अडचण. काहींच्या यकृताला मात्र सूज येऊन पुढे वण पडत जातात.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळात परंडा, भूम, कळंबकडच्या माणसांनी खडी फोडली, रेशनवरचा तांबडा मिलो खाल्ला, कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढले. त्या खडी फोडणाऱ्यांत गरोदर बायाही होत्या. त्या पोटातली मुले आज पन्नाशीच्या पुढे आहेत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साऊदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मांस आणि अवयव. कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली होती. म्हणजे दिसायला बारीक, आतून मेदाचे. आईच्या पोटातली उपासमार शरीराला साठवायला शिकवते आणि पुढे सुबत्ता आली की तेच शरीर रोगाकडे झुकते, असे या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

आणि सुबत्ता आली, थोडीफार का होईना. ज्वारीच्या रानात सोयाबीन आले, ढोकीला साखर कारखाना उभा राहिला, चहाला साखरेची ददात राहिली नाही, बांधावर जायला मोटारसायकल आली. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. त्याचा समाचार मुख्यतः यकृत घेते आणि जादा झाले की त्याची चरबी करते. ऊस आपला, साखर आपली आणि यकृतही आपलेच!

गळ्याचे नि यकृताचे धागे जुळतात ते इथे. थायरॉईडचा रस यकृताला चरबी जाळायचा हुकूम देतो, म्हणून तो कमी पडलेल्यांत चरबीचे यकृत अधिक आढळते. शास्त्रज्ञांना कळले की या रसासाठी पेशींत दोन प्रकारची कुलपे असतात. हृदयात मुख्यतः एक, यकृतात मुख्यतः दुसरे. फक्त दुसरे उघडणारे 'रेसमेटिरोम' हे औषध मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, यकृतात वण पडू लागलेल्या रोग्यांसाठी. जुन्या अर्काने जी चूक सगळ्या शरीरावर केली, ती टाळून जमवलेली ही किल्ली आहे. ती महाग आहे आणि सर्वांसाठी नाही.

तोवर हिशेब असा आहे. वजन शेकडा पाचने उतरले तरी यकृतातली चरबी घटू लागते. शेकडा सात ते दहा उतरले तर सूजही ओसरते. १२० किलोच्या माणसाला हे आठ ते बारा किलो होतात. सडपातळ व्हायची अट नाही. टीएसएच किंचितच वाढलेले निघाले असेल, तर तेवढे वजन उतरल्यावर डॉक्टरांकडून ते पुन्हा तपासून घ्यावे.