विजय हजारे चषक २०२०-२१ मधील आक्रमक फलंदाज

विजय हजारे चषक २०२०-२१ ही भारतातील ५० षटकांची देशांतर्गत क्रिकेट स्पर्धा २० फेब्रुवारी ते १४ मार्च २०२१ दरम्यान खेळली गेली. कोविड-१९ साथीमुळे त्या हंगामात रणजी चषक झाला नाही. त्यामुळे निवड समितीपुढे मोठी खेळी करून दाखवण्याची संधी फलंदाजांना प्रामुख्याने याच स्पर्धेत होती. सांगली येथे जन्मलेले माजी भारतीय कर्णधार विजय हजारे यांच्या नावाची ही स्पर्धा मुंबईने चौथ्यांदा जिंकली. मुंबईच्या आक्रमक फलंदाजीत विरारमध्ये वाढलेला पृथ्वी शॉ आणि पालघरचा शार्दुल ठाकूर यांचा वाटा लक्षणीय होता.

पार्श्वभूमी

पृथ्वी शॉ याचे बालपण विरारमध्ये गेले. बोळिंजसह हा परिसर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी तो नव्या पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाला. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत ५४६ धावा केल्यामुळे शॉ प्रकाशझोतात आला. डिसेंबर २०२० मधील ॲडलेड कसोटीत मात्र तो ० आणि ४ धावांवर, दोन्ही वेळा त्रिफळाचीत झाला. याच सामन्यात भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. त्यानंतर शॉला संघातून वगळण्यात आले.

पृथ्वी शॉ

शॉने ८ डावांत १६५.४० च्या सरासरीने ८२७ धावा केल्या. एका हंगामातील धावांचा हा तेव्हाचा स्पर्धा-विक्रम होता. यापूर्वीचा विक्रम मयंक अगरवालच्या ७२३ धावांचा (२०१७-१८) होता. शॉच्या प्रमुख खेळी पुढीलप्रमाणे:

* दिल्लीविरुद्ध नाबाद १०५
* पुद्दुचेरीविरुद्ध १५२ चेंडूंत नाबाद २२७
* सौराष्ट्राविरुद्ध (उपांत्यपूर्व फेरी) १२३ चेंडूंत नाबाद १८५
* कर्नाटकविरुद्ध (उपांत्य फेरी) १२२ चेंडूंत १६५
* उत्तर प्रदेशविरुद्ध (अंतिम सामना) ३९ चेंडूंत ७३

नियमित कर्णधार श्रेयस अय्यर भारतीय संघात दाखल झाल्यावर मुंबईचे नेतृत्वही शॉकडे आले. अंतिम सामन्यात ३१३ धावांच्या लक्ष्याचा पाठलाग करताना त्याने वेगवान सुरुवात करून दिली. त्यानंतर आदित्य तरेच्या नाबाद ११८ धावांच्या बळावर मुंबईने ४१.३ षटकांत, ६ गडी राखून विजय मिळवला.

इतर फलंदाज

* सूर्यकुमार यादव: पुद्दुचेरीविरुद्ध ५८ चेंडूंत १३३ धावा. या सामन्यात मुंबईने ४ बाद ४५७ अशी स्पर्धेतील तेव्हाची सर्वोच्च धावसंख्या उभारली.
* शार्दुल ठाकूर: हिमाचल प्रदेशविरुद्ध ५७ चेंडूंत ९२ धावा. मूळचा गोलंदाज असलेल्या ठाकूरने शालेय क्रिकेटमध्ये एका षटकात सहा षटकार मारले होते.
* ईशान किशन (झारखंड): मध्य प्रदेशविरुद्ध ९४ चेंडूंत १७३ धावा, ११ षटकारांसह. झारखंडने या सामन्यात ९ बाद ४२२ धावा केल्या.
* देवदत्त पडिक्कल (कर्नाटक): सलग चार शतकांसह ७३७ धावा. हंगामातील धावांच्या यादीत तो शॉनंतर दुसऱ्या स्थानी राहिला.

परिणाम

मुंबईने अंतिम सामना जिंकला त्याच दिवशी, १४ मार्च २०२१ रोजी, सूर्यकुमार यादव आणि ईशान किशन यांनी अहमदाबाद येथे इंग्लंडविरुद्ध आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२० पदार्पण केले. शॉने २०२१ च्या इंडियन प्रीमियर लीगमध्ये दिल्ली कॅपिटल्सकडून ४७९ धावा केल्या. जुलै २०२१ मध्ये श्रीलंका दौऱ्यातील पहिल्या एकदिवसीय सामन्यात २४ चेंडूंत ४३ धावा करून त्याने भारतीय संघात पुनरागमन केले.

शॉचा ८२७ धावांचा विक्रम २०२२-२३ च्या हंगामात तमिळनाडूच्या नारायण जगदीशनने ८३० धावा करून मोडला. त्याच हंगामात तमिळनाडूने अरुणाचल प्रदेशविरुद्ध २ बाद ५०६ धावा करत मुंबईची ४५७ ही धावसंख्याही मागे टाकली.